जागा अपुरी, पातेले एक : लहान प्रमाणातील संधानाविषयी काही विचार

पदवी अभ्यासक्रमाच्या द्वितीय वर्षात भैषज्यकल्पनेच्या प्रात्यक्षिकात गटाने मिळून केलेले एखादे अरिष्ट, हेच आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले आणि शेवटचे संधान असते. पुढे व्यवसायात पडल्यावर चूर्णे, काढ्यांच्या पुड्या, फार तर एखादे तेल आपण घरी करतो. आसवारिष्टे मात्र औषधी दुकानातून आणावयाची असा जणू अलिखित नियम झाला आहे. कारण विचारले असता उत्तर ठरलेले असते. जागा नाही, भांडी नाहीत, वेळ नाही. शिवाय एवढे करून हाती किती येणार?

हा शेवटचा प्रश्न खरा आहे व त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. माझे मत असे की, लहान प्रमाणातील संधान फसते ते जागेच्या अभावी नव्हे. काढ्यात द्रव्याचा अंश पुरता उतरत नाही, गुळाचे व द्रवाचे प्रमाण चुकते आणि उष्णता राखली जात नाही, या तीन ठिकाणी ते फसते. या तिन्ही गोष्टी दहा फूट लांबीच्या खोलीतही सांभाळता येतात.

एक खुलासा आरंभीच करतो. बाजारातील आसवारिष्टांवर हा आक्षेप नाही. मी स्वतः बहुतेक कल्प विकतच घेतो आणि चांगल्या निर्मात्याकडे असणारी तपासणीची साधने माझ्याकडे नाहीत हे मला मान्य आहे. परंतु आपण रुग्णाला जे रोज चाळीस मिलिलिटर देतो ते कसे तयार होते, कोठे बिघडते व बिघडल्यावर चवीत काय फरक पडतो, हे हाताला ठाऊक नसलेल्या वैद्याला विकतच्या बाटलीचीही परीक्षा करता येत नाही. ‘हे सरबतासारखे गोड का लागते?’ असे रुग्णाने विचारले तर आपल्यापाशी उत्तर असावयास हवे.

या विषयाकडे मी पुन्हा वळलो त्याचे निमित्त काहीसे अनपेक्षित आहे. माझा एक मावसभाऊ मेलबर्नला असतो. त्याच्याकडे गेलो असता, लहानशा सदनिकेच्या स्वयंपाकघरात तो सुटीच्या दिवशी घरच्या घरी बिअर करीत असलेला पाहिला. आपल्याकडे असे करण्यास कायद्याची मोकळीक नाही, आणि मद्याचा पुरस्कार करणे हा माझा हेतूही नाही. परंतु त्याची पद्धत पाहून मी चकित झालो. तयार अर्काचा डबा न वापरता तो मोड आणून वाळवलेली बार्ली स्वतः भरडून घेतो. मोठ्या कारखान्यात त्यासाठी तीन-तीन भांडी लागतात, याच्याकडे एकच. ऑस्ट्रेलियातील हौशी लोकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात एक युक्ती रूढ केली. भरड धान्य एका मोठ्या, सैल कापडी पिशवीत घालून ती पिशवी पातेल्यातील पाण्यात सोडावयाची, पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सिअस तापमानावर तासभर ठेवावयाची आणि मग उचलून निथळून घ्यावयाची. गाळण्याचे वेगळे भांडे नको, उपसण्याचा पंप नको. तापमान टिकावे म्हणून माझा भाऊ पातेल्याला चक्क जुनी रजई गुंडाळून ठेवतो. धान्यात जेवढी साखर उतरण्याजोगी होती तिच्यापैकी किती उतरली, याचा तो दर वेळी हिशेब मांडतो. सत्तर-पंचाहत्तर टक्के मिळाले की समाधानी असतो. कमी पडले तर दोष कोठे, भरड जाड राहिली की चोथा नीट धुतला गेला नाही, हे शोधतो.

ते पाहताना मनात आले की हे सारे आपलेच आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसव सांगताना धान्यासव प्रथम घेतले आहेत व सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक, धान्याम्ल असे त्यांचे सहा प्रकार मोजले आहेत. काढ्यासाठी द्रव्य ‘यवकुट’ करावे असे आपण म्हणतो, तेव्हा भरडीचे माप म्हणून जवाचाच दाणा डोळ्यांपुढे असतो. हिशेब ठेवण्याची सवय मात्र आपल्याला राहिली नाही.

तरीही एक मूलभूत भेद लक्षात ठेवला पाहिजे. बिअर करणाऱ्याची साखर धान्यातून यावयाची असते, म्हणून साखर किती उतरली हीच त्याची फलश्रुती. आपला गूळ तर आपण तोलूनच घालतो. तेव्हा आपली फलश्रुती दोन गोष्टींत मोजावी लागते. औषधी द्रव्याचा अंश काढ्यात किती उतरला आणि संधान पूर्णत्वाला गेले की नाही. मद्यांश जास्त म्हणजे अरिष्ट चांगले, हा समज मी मुळीच मान्य करीत नाही. औषधिसंहितेतील मानकांप्रमाणे बहुतेक अरिष्टांत तो सुमारे पाच ते दहा टक्के असतो आणि तेवढा पुरेसा आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्ट सर्वांच्या परिचयाचे आहे. अशोकाची साल एक तुळा, पाणी चार द्रोण, चतुर्थांश काढा, गूळ दोनशे पल, धातकी सोळा पल व प्रक्षेपद्रव्ये प्रत्येकी एक पल. तुळा ४.८ किलो व द्रोण १२.२८८ लिटर धरून याचा पाचवा हिस्सा करावयाचा ठरविला, तर साल ९६० ग्रॅम, गूळ १.९२ किलो, धातकी सुमारे १५४ ग्रॅम आणि प्रक्षेप प्रत्येकी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास येतो. पाण्याचे काय? येथेच पहिली मेख आहे.

द्रवद्वैगुण्याची परिभाषा मानली तर पाणी १९.६६ लिटर व उरणारा काढा ४.९ लिटर. न मानली तर दोन्ही निम्मे. निर्मात्यांमध्ये याबाबत एकवाक्यता नाही, पण यीस्टच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. ४.९ लिटर काढ्यात १.९२ किलो गूळ विरघळविला की सुमारे सहा लिटर द्रव होतो आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व माझ्या गणिताने १.११ च्या आसपास येते. पाणी निम्मे घेतले तर तेच १.१९ पर्यंत जाते. इतक्या दाट पाकात यीस्टची पेशी स्वतःतील पाणीच गमावून बसते. संधान एक तर सुरू होत नाही किंवा अर्ध्यावर थांबते. हाती येतो तो अशोकाचा गोड पाक. म्हणून अशोकारिष्टात तरी द्रवद्वैगुण्य घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या आचार्यांनी ही परिभाषा घातली त्यांना संधानाचा अनुभव होता, असे मला हे गणित मांडल्यावर वाटू लागले.

दुसरी अडचण पातेल्याची. जवळजवळ वीस लिटर पाणी व किलोभर साल मावण्यास पंचवीस लिटरचे पातेले हवे, आणि ते घरगुती शेगडीवर धड बसत नाही. येथे मावसभावाची पिशवी उपयोगी पडली. विहित पाण्यापैकी सोळा लिटर पातेल्यात घ्यावे व उरलेले साडेतीन लिटर बाजूला ठेवावे. मग वीस लिटरचे पातेले पुरते. सालीची भरड मांजरपाटाच्या धुतलेल्या पिशवीत रात्रभर त्याच पाण्यात भिजू द्यावी. पिशवी द्रव्याच्या तिप्पट तरी मोठी असावी, कारण घट्ट बांधलेल्या पोटलीच्या आतील भरड कोरडीच राहते. हा दोष मी स्वतः दोनदा केला आहे. सकाळी मंद आचेवर, झाकण न ठेवता उकळावे. झाकलेल्या भांड्यातील पाणी पचण्यास जड होते असे परिभाषाकार सांगतात. वेळ व गॅस वाचविण्यासाठी काही जण कुकर वापरतात, ते मला पटत नाही. त्यात पाणी आटतच नाही, म्हणजे चतुर्थांशाचा अर्थच उरत नाही.

पातेल्यात पाच-सहा लिटर उरले की पिशवी वर उचलून चाळणीवर निथळत ठेवावी, आणि बाजूला ठेवलेले पाणी कढत करून दोन वेळा थोडे थोडे तिच्यावर ओतून चोथा धुवावा, पिळावा. हे धुवण पातेल्यात मिसळून पुन्हा आटवून ४.९ लिटरवर आणावे. खोली मोजण्यासाठी लाकडी पट्टीवर आधीच पाणी मोजून खूण करून ठेवली की दर वेळी काढा ओतून मापावा लागत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो यावाच. चोथा धुण्याची ही रीत शास्त्रात कोठे सांगितली आहे? सांगितलेली नाही. परंतु पाण्याचे एकूण मान तेच, शेष राहणारा काढाही तेवढाच. पाणी एकदम घालण्याऐवजी दोन टप्प्यांत घातले एवढाच फरक. पिळलेल्या चोथ्यात स्वतःच्या वजनाइतका काढा सहज अडकून राहतो, हे पिशवी तोलून कोणालाही पाहता येईल. एक किलो सालीमागे जवळपास लिटरभर काढा आपण खताच्या खड्ड्यात टाकतो, तो पाच लिटरच्या कामात पाचवा हिस्सा झाला! मोठ्या कारखान्यात चोथा यंत्राने दाबून हा काढा काढता येतो. हाताने पिळणाऱ्या वैद्याला तो धुवूनच मिळवावा लागतो. ज्यांना खात्री करावयाची असेल त्यांनी दहा मिलिलिटर धुवण तोललेल्या काचपात्रात पाण्याच्या वाफेवर कोरडे करून उरलेला घन अंश तोलावा. बिअर करणारे लोक धुवण फार पातळ झाले की थांबतात, कारण पुढे सालपटातील तुरटपणा उतरू लागतो. अशोकाच्या बाबतीत ती भीती नाही. तो कषाय रस आपल्याला हवाच आहे.

खर्चाचा विचारही सांगतो. सुमारे पंधरा लिटर पाणी आटविण्यास घरगुती शेगडीवर साधारण दीड ते पावणेदोन किलो गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या टाकीचा आठवा-नववा हिस्सा. रुंद तोंडाचे पातेले घेतल्यास पाच-सहा तासांत काम होते. गाळ काढून टाकल्यावर साडेपाच लिटर अरिष्ट हाती येते. रोज चाळीस मिलिलिटरच्या हिशेबाने ते चार-पाच रुग्णांना महिनाभर पुरेल. हा व्यापार नव्हे. ज्यांना व्यापार करावयाचा आहे त्यांचा मार्ग निराळा आहे, त्याविषयी पुढे येईल.

काढा गरम असतानाच, जवळजवळ उकळता, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतून बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी उघडावा. उघड्या पातेल्यात रात्रभर निवत ठेवलेला काढा पावसाळ्यात सकाळपर्यंत आंबुसही होऊ शकतो. निवल्यावर गूळ विरघळवून पुन्हा गाळावे. गुळाविषयी विशेष सावध राहण्यास सांगतो. पिवळाधमक, चकचकीत गूळ बहुधा हायड्रॉसने उजळलेला असतो. त्यातील गंधकाचा अंश जंतूंना मारतो तसा यीस्टलाही मारक ठरतो. काळपट, शक्यतो जुना व खात्रीच्या गुऱ्हाळातील गूळ घ्यावा. कोल्हापूर-सांगली भागात तो मागितल्यास मिळतो. दिसायला वाईट म्हणून दुकानदार मागे ठेवतो इतकेच.

धायटीची फुले निवलेल्या द्रवातच घालावीत हे सर्वांना ठाऊक आहे, पण ती फुले किती जुनी आहेत हे कोणी विचारीत नाही. सह्याद्रीत हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत धायटी फुलते. तीन वर्षे पोत्यात पडलेल्या, बुरशीचा वास येणाऱ्या फुलांवर जिवंत किण्व कितीसे उरणार? फुले त्या हंगामातली असावीत. याशिवाय मागील चांगल्या संधानाच्या तळाचा गाळ, त्याच कल्पाचा व ताजा असल्यास, थोडा घालण्यास माझी हरकत नाही. शार्ङ्गधरांनी प्रसन्ना, कादंबरी, जगल अशी सुरेची अंगे सांगताना सुराबीजाला किण्व हे स्वतंत्र नाव दिले आहे. विरजण लावण्याची कल्पना त्यांना परकी नव्हती. बेकरीतील यीस्ट घालावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. मी ते घालीत नाही. धायटीने काम होत असता दुसरे आणण्याचे कारण मला दिसलेले नाही.

आता उष्णतेविषयी. ही गोष्ट मी चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात केलेले अरिष्ट फेब्रुवारीत पाहिले. बरणीला कान लावला तर आवाज नाही, फेस नाही, प्रक्षेप तळाशी बसलेला, पेटती काडी तोंडाशी धरली तर विझत नव्हती. सिद्धिलक्षणे पूर्ण झाली असे समजून मी बाटल्या भरल्या व बुचे घट्ट लावली. एप्रिलच्या एका दुपारी चिकित्सालयातील कपाटात त्यातील चार बाटल्या फुटल्या. सुदैवाने जवळ कोणी नव्हते. संधान पूर्ण झालेच नव्हते. पुण्याच्या थंडीत, रात्रीचे तापमान दहा अंशांखाली गेल्यावर, किण्व केवळ निजले होते. उन्हाळा लागताच ते उठले आणि उरलेल्या गुळावर काम करू लागले. शांतता आणि पूर्णता यांत मी गफलत केली.

संधानपात्र धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरण्यास का सांगितले, हे त्या दिवशी नीट कळले. धान्याची रास उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि दिवस-रात्रीचा चढउतार आतपर्यंत पोहोचू देत नाही. आज धान्याची कोठी कोणाकडे नाही. पण भाताच्या तुसाने भरलेली लाकडी पेटी किंवा फळवाल्याकडची थर्माकोलची पेटी तेच काम करते. मी बरणीभोवती जुने पोते गुंडाळून ती तुसात ठेवतो व आत एक साधा तापमापक ठेवतो. पंचवीस ते तीस अंश हे उत्तम. थंडीत पेटीत कोमट पाण्याच्या दोन बाटल्या सकाळ-संध्याकाळ ठेवल्या तरी भागते. विदर्भातील वैद्यबंधूंची अडचण उलट आहे. मे महिन्यात तेथे संधान घालूच नये, कारण चाळीस अंशांजवळ किण्व दुबळे पडते व आंबट करणारे जंतू फावतात.

बरणी काचेची, स्टीलची किंवा खाद्ययोग्य प्लास्टिकची असावी. तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम नको. दहा लिटरच्या बरणीत सहा लिटरच भरावे, फेसाला जागा लागते. झाकणातून एक नळी काढून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडविले की वायू बाहेर जातो व हवा आत येत नाही. रोज झाकण उघडून वास घेण्याचा मोह आवरावा. अरिष्ट आंबून शुक्त होते ते बहुधा या कुतूहलामुळे. तसे झालेले अरिष्ट गूळ घालून ‘सुधारून’ रुग्णास देऊ नये.

बाटल्या फुटल्यानंतर मी काही शे रुपयांचा हायड्रोमीटर घेतला. आरंभी वाचन घ्यावे, नंतर महिन्याने, आणि अखेरीस आठ दिवसांच्या अंतराने दोनदा. अखेरची दोन वाचने उबदार जागी ठेवून घेतलेली व सारखी असतील तरच संधान संपले असे मानावे. उदाहरणार्थ, आरंभी १.११३ व शेवटी १.०४५ असेल तर फरकाला १३१ ने गुणावे. मद्यांश सुमारे नऊ टक्के येतो. हा अंदाज आहे, नेमके मान ऊर्ध्वपातनानेच कळते. तरीही कानाने ऐकण्यापेक्षा हा अंदाज पुष्कळ बरा. गोडी शिल्लक राहतेच, म्हणून पहिला उन्हाळा जाईपर्यंत बुचे थोडी सैल ठेवावीत.

कायद्यासंबंधी चार शब्द, कारण वाचकांत औषधनिर्मातेही आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३३ ईईसीच्या परंतुकाने वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करण्यास मोकळीक दिली आहे, आणि परिशिष्ट टी मधील उत्तम निर्मितीचे नियमही बाजारात विक्री न करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास लागू होत नाहीत. विक्री करणाऱ्यास मात्र परवाना हवा, किमान १२०० चौरस फूट जागा हवी, व त्यात आसवारिष्टासाठी २०० चौरस फूट विभाग सांगितला आहे. माझ्या तुसाच्या पेटीतील बाटली शेजारच्या औषध दुकानात ठेवता येणार नाही, आणि ती ठेवावी असे मी म्हणतही नाही. वैद्याने उत्पादन शुल्काचे स्थानिक नियम आपल्या जिल्ह्यातील कार्यालयात विचारून घ्यावेत, प्रत्येक घाण्याची तारीख, वजने व वाचने वहीत लिहून ठेवावीत. औषधनिर्मात्या बंधूंनाही एक विनंती आहे. बाटलीवर घाण्याचा क्रमांक असतोच; त्या घाण्याचे आरंभीचे व अखेरचे विशिष्ट गुरुत्व आणि द्रवद्वैगुण्य घेतले की नाही, एवढे मागणाऱ्या वैद्यास कळविण्याची प्रथा पडली तर आम्हाला निवड करणे सोपे होईल.

कार्तिकाच्या आरंभी उकाडा सरलेला असतो व थंडी अजून लांब असते. पुणे-नाशिककडील ज्या वैद्यांना पहिला प्रयोग करावयाचा आहे त्यांनी तो सुमार धरावा, आणि अशोकाची साल खरीच अशोकाची आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.